एकशे त्रेचाळिसावा भाग

फोन आला तेव्हा मी गॅलरीत बसून कुंडीतली माती उकरत होतो. पलीकडून वाहिनीतली कोणी मुलगी बोलत होती. आवाज कोवळा, बोलणं भरभर. गेल्या चाळीस वर्षांतल्या सगळ्या मालिकांमधून लोकांनी आपला सर्वांत आवडता एकच भाग कळवायचा आणि तो का आवडतो ते दोन ओळींत लिहायचं, असा काही कार्यक्रम त्यांनी काढला होता. त्यातले निवडक पंचवीस भाग पुन्हा दाखवणार होते.

"सर, तुमचा पहिला आलाय," ती म्हणाली.

"कुठला?" मी विचारलं. खरं तर विचारायची गरज नव्हती.

"एकशे त्रेचाळिसावा. डब्याचा."

'तिसरा मजला' ही मालिका मी सहा वर्षं लिहिली. हजाराच्या वर भाग झाले. मला स्वतःला विचाराल तर त्यातला एकसष्टावा भाग सगळ्यांत बरा जमला होता. त्यात काहीच घडत नाही. एक म्हातारे भाडेकरू दिवसभर नळ दुरुस्त करणाऱ्याची वाट पाहतात, आणि तो येतो तेव्हा नळ आपोआप गळायचा थांबलेला असतो. हा भाग आवडल्याचं आजवर मला एकाच माणसाने सांगितलं, आणि तो स्वतः नळ दुरुस्त करायचा. डब्याच्या भागाचं तसं नव्हतं. बावीस वर्षं झाली तरी त्याची पत्रं येतात. लोक सुरुवात त्या भागापासून करतात आणि दुसऱ्या ओळीपासून स्वतःचंच सांगू लागतात. कोण कुठे बसलं होतं, बाळ कसं नेमकं तेव्हाच झोपलं होतं, त्या वेळी घरात कोण कोण हयात होतं. एका बाईंनी लिहिलं होतं की तो भाग चालू असताना त्यांचे वडील उठून मोरीत गेले आणि रडण्याचा आवाज येऊ नये म्हणून नळ सोडून उभे राहिले.

भाग साधा होता. एका जोडप्याची लहान मुलगी वारलेली असते. आईला ते पटलेलं नसतं. ती रोज सकाळी मुलीचा शाळेचा डबा भरते. बाप काही न बोलता तो डबा आपल्या पिशवीत टाकतो, दुपारी कामाच्या ठिकाणी एका बाकावर बसून खातो आणि संध्याकाळी रिकामा डबा परत आणून देतो. आई डबा उघडून बघते, हसते आणि म्हणते, "आज सगळं संपवलंस? शहाणी गं माझी!" इथे भाग संपायचा. बापाचं जेवण चार मिनिटं चालतं, आणि त्या चार मिनिटांत एकही वाक्य नाही. दूरचित्रवाणीवर तेव्हा चार मिनिटं कोणी गप्प बसत नसे.

"सर, मुलाखतीत आम्हाला एवढंच हवंय," ती मुलगी म्हणाली, "की हे तुम्हाला सुचलं कसं?"

या प्रश्नाला माझं एक ठरलेलं उत्तर होतं. "बसमध्ये सुचलं." वर्षानुवर्षं मी ते दिलं होतं, आणि एव्हाना ती बस, तिचा नंबर, खिडकीजवळची जागा, सगळं मला खरोखरच दिसायचं. पण त्या दिवशी तोंडातून ते बाहेर पडेना. मी तिच्याकडे आठवड्याची मुदत मागितली.

ते सुचलं नव्हतं. ते मी पाहिलं होतं. ती बाई माझी सख्खी मोठी बहीण होती.

सव्विसाव्या वर्षी मी ताईच्या घरी राहायचो. दोन खोल्या, आणि मागे सामानाची एक चिंचोळी जागा, ती माझी. ताई चष्म्याच्या दुकानात होती. फ्रेमच्या मापाने चाकावर काचा घासून बसवायचं काम. भाऊजी पाणीपुरवठा खात्यात नकाशे काढायचे. जमिनीखालून कुठली नळवाहिनी कुठे वळते हे त्यांना बोटांवर पाठ होतं. रस्त्याने चालताना मध्येच थांबून ते म्हणायचे, "आत्ता आपल्या पायाखाली बारा इंची आहे बरं का." आणि त्यांची मुलगी, आमची चिमणी, त्या जागी उडी मारून बघायची.

चिमणी सहा वर्षांची होती. ताप आला आणि अकराव्या दिवशी ती गेली. त्याबद्दल मला जास्त लिहिता येणार नाही. इतकी वर्षं लिहायचं काम केलं, पण ते अकरा दिवस मी कुठल्याच मालिकेत घातले नाहीत.

त्यानंतर महिन्याभराने असेल, माझी किल्ली घरी राहिली म्हणून मी दुपारी भाऊजींच्या कार्यालयात गेलो. ते टेबलावर नव्हते. शिपाई म्हणाला, पंपघराच्या मागे असतील. मागे एक बाक होता, त्यावर भाऊजी बसले होते. मांडीवर चिमणीचा डबा. झाकणावर बदकाचं चित्र होतं, त्यावरून मी तो ओळखला. ते लहान चमच्याने अगदी सावकाश खात होते, एखादं काम नीट पार पाडावं तसे.

मला पाहून ते दचकले. मग सरकून त्यांनी जागा केली.

"ताईला बोलू नकोस," ते म्हणाले. "ती रोज भरते. तिला कळत नाहीये अजून. भरलेला परत गेला तर तिचं काय होईल सांग. म्हणून मी नेतो."

मी मान हलवली. त्यानंतर आठवड्यातून एकदा तरी मी त्या बाकावर जायचो. भाऊजी घरी बोलायचे नाहीत, तिथे थोडं बोलायचे.

सात महिने असे गेले. मी तेव्हा 'तिसरा मजला'चा तिसरा लेखक होतो, म्हणजे पहिल्या दोघांनी टाकलेलं उचलणारा. त्या आठवड्यात एक लेखक आजारी पडला, दुसरा रुसून गेला. सेटची रंगरंगोटी चालू होती आणि मुख्य नायिका सुट्टीवर. गुरुवारी सकाळी दिग्दर्शक मला म्हणाला, "दोन माणसं, एक स्वयंपाकघर, एक बाक. एवढंच आहे आपल्याकडे. दुपारी दोनपर्यंत पानं दे, नाहीतर उद्या आपण पडद्यावर नुसती घड्याळाची टिकटिक दाखवू."

दोन माणसं, एक स्वयंपाकघर, एक बाक. मी बसलो आणि तीन तासांत लिहून काढलं. लिहिताना मला वाईट वाटलं असं म्हणायला आवडेल, पण ते खोटं होईल. मला आनंद होत होता. आपण चांगलं लिहितोय हे हाताला कळत होतं.

ज्या संध्याकाळी तो भाग दाखवला, त्या संध्याकाळी मी घरी गेलोच नाही. माझं नाव शेवटी झळकतं म्हणून ताई आणि भाऊजी ही मालिका रोज बघायचे हे मला माहीत होतं. मी दिग्दर्शकाकडे मुक्काम ठोकला. सकाळी घरी आलो तर भाऊजी कामावर गेलेले, आणि बदकाचा डबा मोरीजवळच्या जाळीत धुऊन उपडा घातलेला. ताईने माझ्याकडे पाहिलं नाही.

"चहा घे," ती म्हणाली.

बस, एवढंच. तिने आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. महिन्याभरात मी स्टुडिओजवळ खोली घेतली. पुढे बावीस वर्षं आम्ही फोनवर एकमेकांची तब्येत विचारली, दुखण्याखुपण्याला धावलो, चार वर्षांपूर्वी भाऊजी गेले तेव्हा मी आठ दिवस तिच्याकडे राहिलो. पण तो भाग आमच्यात कधी निघाला नाही. मी मनाशी अशी समजूत घालून घेतली होती की कदाचित त्या भागामुळेच ताई भानावर आली. डबा बंद झाला, हे काय कमी? असा विचार केला की मला झोप लागायची.

वाहिनीच्या फोननंतर तिसऱ्या दिवशी मी ताईकडे गेलो.

ती आता चौसष्ट वर्षांची आहे. दुकानात अजून आठवड्यातून दोन दिवस जाते, मालकाच्या मुलाला तिच्याशिवाय जमत नाही म्हणून. मी आत येऊन बसतो न बसतो तोच तिने माझ्या नाकावरचा चष्मा काढून घेतला.

"काडी बघ कशी लोंबतेय. आणि हा जगाला गोष्टी सांगतोय." खणातून तिने बारीक पेचकस काढला, टेबलावर फडकं पसरलं. मला चष्म्याशिवाय हातभर अंतरावरचंही धड दिसत नाही. समोर ताई नुसती एक निळसर आकृती झाली.

"ताई, तुला एक विचारायचं होतं."

"वाहिनीचं ना? जाहिरात बघितली मी. पहिला आलास म्हणे."

"ते विचारतायत, सुचलं कसं म्हणून."

"मग सांग की. बसमध्ये सुचलं म्हणून सांगतोस ना नेहमी?"

म्हणजे तिने सगळ्या मुलाखती वाचल्या होत्या. येताना वाटेत चारपाच वाक्यं जुळवली होती, ती मी एकदम बोलून टाकली. की मी चुकलो, तेव्हाच माफी मागायला हवी होती, तू त्या वेळी अशा अवस्थेत होतीस आणि मी त्याचा...

"कुठल्या अवस्थेत?" ताईने विचारलं.

मी सवयीने नाकावरचा चष्मा वर सारायला बोट नेलं, चष्मा तिथे नव्हता.

"बोल ना. कुठल्या अवस्थेत होते मी?"

"म्हणजे... चिमणी गेलीय हे तुला पटत नव्हतं, आणि..."

पेचकस फडक्यावर ठेवल्याचा बारीक आवाज आला.

"ठोंब्या," ती म्हणाली. हे नाव तिनेच मला मी तीन वर्षांचा असताना ठेवलेलं. "मुलीला शेवटचं पाणी मी पाजलं. तिचे कपडे मी आवरले. ती गेलीय हे मला कळत नव्हतं, असं तुला वाटलं?"

"मग तो डबा?"

"तू आमच्या घरात राहत होतास. तुझे भाऊजी जेवत नव्हते, हे तुला दिसलं नाही?"

मी आठवायचा प्रयत्न केला. मी जेवायला बहुतेक स्टुडिओतच असायचो.

"ताटावर बसायचे," ताई सांगू लागली, आवाज न चढवता, दुकानातल्या गिऱ्हाइकाला काच समजावून सांगावी तशी. "भात कालवायचे. पाणी प्यायचे. आणि उठायचे. मी रागावले, रडले, डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाला, होईल हळूहळू. वीस दिवसांत त्यांच्या पट्ट्याला मी दोन नवी भोकं पाडली. मग एक दिवस सकाळी, खरंच सवयीने, माझ्या हातून चिमणीचा डबा भरला गेला. अंड्याच्या चार फोडी, लोणी लावलेला पाव. भरला आणि मग माझ्या लक्षात आलं, आणि मी तिथेच खाली बसले. ते आले, मला बघितलं, आणि तो डबा उचलून पिशवीत टाकून गेले. माझ्या डोळ्यांसमोरून हलवायचा म्हणून नेला असणार."

"आणि संध्याकाळी रिकामा आला."

"रिकामा आला. आणि त्यांच्या मिशीला अंड्यातलं पिवळं लागलं होतं." तिने माझ्या चष्म्याची काच फडक्याने पुसली. "ठोंब्या, तुला नाही कळायचं, ते पिवळं बघून मला काय झालं. वीस दिवसांनी त्या माणसाच्या पोटात काहीतरी गेलं होतं. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा भरला. मग रोजच. तेवढ्याशा डब्यात मावतं किती? मी अंगठ्याने दाबून दाबून भात बसवायचे. लोण्याचा हा एवढा थर. आतल्या वाटीत बदाम कुटून घालायचे. मोठ्या डब्यात दिलं असतं तर त्यांनी तसंच परत आणलं असतं. तिच्या डब्यातलं मात्र ते टाकू शकत नव्हते."

मी टेबलावरच्या फडक्याची कड बोटांनी चाचपली.

"त्यांना का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? त्यांना वाटत होतं ते मला सांभाळतायत. बायको भ्रमिष्ट झालीय, तिच्यासाठी आपण उभं राहायला पाहिजे, म्हणून तो माणूस उठत होता, दाढी करत होता, कामावर जात होता. ते मी काढून घेऊ? वेडी तर वेडी. मला चाललं असतं अजून दोन वर्षं."

तिने पेचकस पुन्हा उचलला. पेच फिरवता फिरवता पुढचं सांगितलं. भाग पाहून झाल्यावर दोघं तशीच बसून राहिली होती. सकाळी तिने नेहमीसारखा डबा भरला. भाऊजींनी तो उचलला नाही. आजारी माणसाकडे बघावं तसं त्यांनी तिच्याकडे बघितलं, तिच्या खांद्यावर हात ठेवला, म्हणाले, "आता पुरे हं," आणि गेले. जे दोघांनी सात महिने न बोलता चालवलं होतं, ते एकदा सगळ्या जगाने पाहिल्यावर त्यांना चालवता येईना. पुढचं वर्ष फार वाईट गेलं. भाऊजी दोनदा रुग्णालयात राहिले. मला त्या वेळी 'पित्त' म्हणून सांगण्यात आलं होतं.

"आणि मला दुकानात कोणी चाकाला हात लावू देईना," ताई म्हणाली. "चार महिने गल्ल्यापाशी बसवलं. चिमणी गेलेली सगळ्यांना माहीत, भाऊ मालिका लिहितो तेही माहीत. मालक चांगला माणूस, म्हणाला, काचेचं काम आहे ताई, काही होऊन बसायचं. शेजारच्या बायका माझ्याशी अशा हळू आवाजात बोलायच्या, जणू मी झोपेत आहे. आणि ते वाक्य! 'शहाणी गं माझी.' मी असं कधी म्हटलं होतं?"

"नाही."

"मग?"

"शेवट हवा होता," मी म्हणालो.

ती हसली की काय मला दिसलं नाही. चष्मा माझ्या हातात देत ती म्हणाली, "घाल. नीट बसलाय का बघ."

मी चष्मा घातला. तिचा चेहरा स्वच्छ दिसला, आणि मला वाटलं, नसता दिसला तर बरं झालं असतं.

"मी काय करू, ताई?"

"तुला वाटेल ते कर. माझं नाव नको, त्यांचं नको. ती बाई वेडी नव्हती, एवढं सांगता आलं तर सांग. नाही सांगितलंस तरी आता काय फरक पडणार आहे? ज्यांना सांगायचं होतं ते गेले." मग फडक्याची घडी घालत, "मी सांगणार होते रे त्यांना. अठरा वर्षं म्हणजे काही थोडी नाहीत. रोज वाटायचं, उद्या सांगू."

मुलाखत वाहिनीच्या एका खोलीत झाली. माझ्या मागे पुस्तकांचं कपाट मांडलं होतं. पुस्तकं वाहिनीची, त्यातली दोन उलटी लावलेली. मुलाखत घेणारी मुलगी म्हणजे ती फोनवालीच. पंचविशी उलटलेली, डोळे मोठे, हातात प्रश्नांचा कागद. तिने आधी स्वतःचंच सांगितलं. तिचे वडील ट्रक चालवायचे आणि घरी कधी बोलायचे नाहीत. हा भाग लागला तेव्हा ती पाच वर्षांची होती. तो संपल्यावर वडिलांनी तिला उचलून घेतलं आणि कितीतरी वेळ खाली ठेवलंच नाही. "त्यांनी मला उचललेलं मला तेवढंच आठवतं," ती म्हणाली. "म्हणून माझंही मत मी यालाच दिलं, सर."

आता हिला काय सांगायचं? तिच्याकडे बघून मला वाटलं, राहू दे, बसमध्येच सुचलं म्हणून सांगावं. कॅमेरा चालू झाला. तिने विचारलं.

"मी हे एका घरात पाहिलं होतं," मी म्हणालो. "ती माणसं मला जवळची होती. मी त्यांना विचारलं नाही, सांगितलं नाही, आणि लिहिलं. आणि जे लिहिलं ते अर्धंच होतं. त्यातल्या आईला मी वेडी केली. ती वेडी नव्हती. तो बाप काही खात नव्हता, फक्त त्या डब्यातलं खायचा, म्हणून ती डबा भरत होती. मी बाकावर जाऊन बसलो, स्वयंपाकघरात कधी बसलो नाही. म्हणून मला एकच बाजू दिसली."

मुलगी कागद विसरून माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "पण सर, तुम्हाला खरं माहीत असतं आणि तुम्ही तसं लिहिलं असतं, तर तो भाग लोकांना एवढा आवडला असता?"

"माहीत नाही," मी म्हणालो. "कदाचित नसता."

बाहेर पडताना मी तिला एकच विनंती केली, की बाकी काही कापा, पण 'ती वेडी नव्हती' हे वाक्य राहू द्या. ती म्हणाली, वरचे लोक काय म्हणतील सांगता येत नाही, पण बघते.

कार्यक्रम लागला. वीस मिनिटांच्या मुलाखतीतलं जेमतेम दीड मिनिट दाखवलं, खाली व्हायोलिन वाजवून. पण ते वाक्य होतं, आणि तेवढ्यापुरतं व्हायोलिन बंद केलं होतं. कोणाशी भांडून तिने ते केलं असेल कोण जाणे. मग एकशे त्रेचाळिसावा भाग लागला. मी तो बावीस वर्षांत पहिल्यांदाच पूर्ण पाहिला. आई करणाऱ्या बाईंनी केस मोकळे सोडले होते, डोळे कुठेतरी लावले होते. ते सगळं मीच कंसात लिहून दिलं होतं. त्यांनी काम सुरेख केलं होतं. एकही गोष्ट खरी नव्हती.

पुढच्या आठवड्यात पत्रं आली. काहींनी कौतुक केलं. पण बरेचजण चिडले होते. एका गृहस्थांनी लिहिलं होतं, "आमच्या मनातला भाग बिघडवायचा तुम्हाला काय अधिकार?" त्यांचंही मला खोटं वाटलं नाही.

त्या रविवारी सकाळी दारावरची घंटा वाजली. ताई होती. माझ्या घरी ती पाचसहा वर्षांनी आली असेल. धापा टाकत म्हणाली, "तिसरा मजला, तिसरा मजला लिहिलंस आणि स्वतः चौथ्यावर राहायला आलास. तेही लिफ्ट नसलेल्या." पाणी प्यायली. गॅलरीतल्या कुंड्या बघितल्या, एकीला पाणी जास्त झालंय म्हणाली. कार्यक्रमाबद्दल चकार शब्द काढला नाही. मग येऊन माझ्यासमोर खुर्ची ओढून बसली.

"मी एका कामाला आलेय," ती म्हणाली. "तू त्यांच्यासोबत त्या बाकावर बसायचास."

"हो."

"सात महिने. ते तुझ्याशी बोलायचे."

"थोडंफार."

"माझ्याशी त्या वर्षी जेमतेम दहा वाक्यं बोलले असतील. तुझ्याशी काय बोलले ते मला सांग. मालिकेत घातलंस ते नको. जे नाही घातलंस ते."

मला वाटलं होतं, आठवणार नाही. पण सगळं होतं. मालिकेत न वापरलेलं म्हणून जसंच्या तसं राहिलं होतं.

मी तिला सांगितलं की पहिल्या दिवशी डब्यातलं पक्ष्यांना घालायचं म्हणून ते बाकावर गेले होते. डबा उघडला, तर अंड्याच्या चारही फोडी सारख्या कापलेल्या. ते म्हणाले, एवढं नीट केलेलं टाकवेना.

मी तिला सांगितलं की खात्यातले लोक आग्रह करायचे, आमच्यात बसा, तर ते म्हणायचे, "माझा घरचा डबा असतो." आणि हे सांगताना त्यांचा आवाज नव्या नवऱ्यासारखा व्हायचा.

मी तिला सांगितलं की एकदा डबा बसमध्ये राहिला. उतरल्यावर लक्षात आलं, तसे ते दुसऱ्या बसने थेट आगारात गेले आणि येणारी प्रत्येक गाडी आत चढून तपासली. दोन तासांनी सापडला.

"अगं बाई," ताई म्हणाली, "त्या दिवशी मी किती बोलले त्यांना! ना फोन, ना निरोप. ते आपले, काम होतं, काम होतं." तिने पदराने डोळे पुसले, पण ती हसतही होती. "पुढे?"

पुढे मी चाचरलो. मग तेही सांगितलं. एकदा मी भाऊजींना विचारलं होतं, हे किती दिवस चालणार? ते म्हणाले होते, "तिला बरं वाटेपर्यंत. दहा वर्षं लागली तर दहा वर्षं खाईन."

ताई खाली बघत बसली. खालच्या रस्त्यावर कोणी गाडी सुरू करत होतं, ती सुरू होत नव्हती. मी उठून चहा ठेवला. दोन कप घेऊन आलो तेव्हाही ती तशीच होती. कप हातात घेतला आणि मग तिने विचारलं,

"त्या बाकावर ऊन असायचं का रे?"

"सकाळी नसायचं," मी म्हणालो. "पण ते जेवायला बसायचे तोवर यायचं. अर्ध्या बाकावर. ते त्या बाजूला बसायचे."

"उन्हात?"

"हो, उन्हात."

"बरं," ताई म्हणाली, आणि चहा प्यायला लागली.